धक्क्यावरचं चीज

‘‘तुमच्या त्या कचेरीने माझ्या भावाला मारलं, आणि आता वर त्यालाच बेपर्वा म्हणताय.’’

बोर्गहिल्ड त्वाइतनने फोन कानाला लावला, तोच हे वाक्य आदळलं. तिच्यासमोर टेबलावर नेमका तोच अहवाल पडला होता. खाली तिच्या सहीची जागा कोरी होती. पेनाचं टोपण काढून झालं होतं.

‘‘कोण बोलतंय?’’

‘‘मॅग्नहिल्ड नेसहाइम. एलिफची बहीण. समोरच्या बेटावर राहते. सही केलीस का तू त्या कागदावर?’’

‘‘अजून नाही.’’

‘‘मग करू नकोस.’’

बोर्गहिल्डने डोळे मिटले. वसंतात ती निवृत्त होणार होती. गुडघ्यांनी तर आधीच निवृत्ती घेतली होती. हेस्टवोगसारख्या किनाऱ्यावरच्या गावात पोलिसाला काम म्हणजे दारू पिऊन झोपलेले खलाशी आणि रस्त्यावर आलेली मेंढरं. परवा मात्र एलिफ नेसहाइम पश्चिमेच्या धक्क्याखाली पाण्यात सापडला. वीस वर्षांपासून आंधळा. आयुष्यभर जहाजांवर स्वयंपाक केलेला माणूस. धक्क्याच्या फळ्या दुरुस्तीसाठी काढल्या होत्या आणि तो सरळ त्या भगदाडात चालत गेला.

गावच्या कचेरीचं म्हणणं साधं होतं. वेबसाइटवर सूचना होती. नकाशा होता. नकाशा न दिसणाऱ्यांसाठी शब्दांत वर्णनही होतं: पश्चिमेचा धक्का बंद आहे. म्हातारा न ऐकताच गेला, किंवा ऐकूनही गेला. अहवालात लिहायचं होतं, ‘स्वतःच्या बेपर्वाईने’.

‘‘मॅग्नहिल्डबाई, सूचना त्याला मिळाली होती.’’

‘‘मिळाली होती तर. बुधवारी सकाळी त्याने वेबसाइटवरचं बोटीचं पान ऐकलं आणि लगेच मला फोन केला. मी येतोय म्हणाला. आणि म्हणाला, मॅग्नहिल्ड, आज धक्क्यावर चीज आहे म्हणे. तुझ्यासाठी गेट-उस्त घेऊन येतो, बकरीचं, तपकिरी.’’

‘‘चीज?’’

‘‘चीज. उस्त. कानाला बरोबर ऐकू येतं मला. अगं पोरी, तो आंधळा होता, खुळा नव्हता. तीन वादळांत त्याने सूप सांडू दिलं नाही. धक्का बंद आहे असं कोणी त्याला सांगितलं असतं, तर तो दारातून बाहेर पडला नसता.’’

‘‘तुम्ही आत्ता कुठे आहात?’’

‘‘त्याच्याच घरी. त्याचा लॅपटॉप अजून चालू आहे. तोच बोलायचा ना त्याच्याशी, पडदा वाचून दाखवायचा. बंद करायचा धीर होत नाही मला.’’

‘‘नका करू बंद,’’ बोर्गहिल्ड म्हणाली. का म्हणाली ते तिलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं.

तिने पेनाला टोपण लावलं. आज लवकर घरी जाऊन पाय गरम पाण्यात ठेवायचा बेत संपला होता.

*

पलीकडच्या टेबलावर हाल्वार बसला होता, चौकीतला तिचा एकुलता एक सहकारी. तिने त्याला कचेरीची वेबसाइट उघडायला सांगितली. वरच्या पत्त्यात गावाच्या नावातल्या ‘अ’वरचा छोटा गोल नेहमीप्रमाणे गळला होता. हेस्टवोगचं हेस्टवाग. संगणकी पत्त्यांत ते गोल आणि तिरप्या रेघा चालत नाहीत, म्हणून लोक आता ओरडतही नाहीत.

‘‘बोटीचं पान काढ. आणि ते वाचून दाखवणारं चालू कर. मला बघायचं नाहीये, ऐकायचंय.’’

‘‘डोळे दुखतायत का?’’

‘‘सगळंच दुखतंय. चालू कर.’’

पानावर मथळा होता, ‘बोटीसंबंधी सूचना’. त्याखाली फक्त नकाशाचं चित्र. बाकी काही नाही. ज्याला दिसतं त्याला एका नजरेत कळेल असं. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी चित्रामागे लपवलेले शब्द, ज्यांना हे लोक ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते फक्त आवाज वाचतो, आणि सर्च करणारी यंत्रं वाचतात.

बाईचा सपाट आवाज बोलला:

‘‘चित्र. चित्रात नकाशा दिसतो. पश्चिमेचा धक्का बंद आहे, तिथे लोखंडी कुंपण घातले आहे. बोट पूर्वेच्या धक्क्यावरून सुटते.’’

‘‘काय वाईट आहे यात?’’ हाल्वार म्हणाला. ‘‘स्वच्छ सांगितलंय.’’

‘‘काहीच वाईट नाही. पुढे जाऊ दे.’’

त्याने बाण दाबला. नकाशाखाली शरदातल्या मेंढ्यांच्या विक्रीची बातमी होती. फोटोत धुकं आणि उतारावर पन्नासेक मेंढ्या. आवाज म्हणाला:

‘‘चित्र. वडील डोंगरावर.’’

हाल्वार हसला. ‘‘कोणाचे? माझा बाप तर खुर्चीतून उठत नाही, डोंगरावर कुठला चढतोय.’’

‘‘पुन्हा लाव.’’

‘‘वडील डोंगरावर,’’ आवाज पुन्हा म्हणाला. त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

*

धक्क्यावर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. बंदराची प्रमुख ऊद्रुन विक पिवळ्या कोटात हात खुपसून उभी होती. ती आणि बोर्गहिल्ड एकाच शाळेत होत्या. एकमेकींशी गोड बोलायची दोघींना कधी गरज पडली नव्हती.

समोर लोखंडी कुंपण होतं. जाळीचं, खांद्याएवढं, जमिनीत घट्ट ठोकलेलं.

‘‘हे ओलांडून कसा गेला तो?’’ बोर्गहिल्डने विचारलं.

‘‘हे ओलांडून नाही गेला. हे तेव्हा नव्हतं. त्याला पाण्यातून काढलं, त्यानंतर संध्याकाळी ठोकलं.’’

‘‘आणि त्याआधी काय होतं?’’

‘‘फीत. लाल-पांढरी.’’

‘‘किती उंच?’’

ऊद्रुनने कमरेला हात लावला. आणि मग हात तिथेच राहिला.

‘‘त्याची काठी खालून गेली असणार,’’ बोर्गहिल्ड म्हणाली.

‘‘मला सांगतेस? दोन रात्री तेच बघतेय मी. कुंपण मागितलं होतं गं मी. कचेरी म्हणाली, वेबसाइटवर टाकलंय ना, लोकांना कळेल.’’

‘‘कोण म्हणालं?’’

‘‘कचेरी. तिकडून माणूस बोलत नाही, कचेरी बोलते.’’

‘‘नकाशा कोणी केला?’’

‘‘मी. सोमवारी. जुना धक्का लाल, नवा हिरवा. केतिलला पाठवला, वेबसाइट तो बघतो.’’

‘‘फाइलला नाव काय दिलंस?’’

‘‘काय देणार, जे आहे तेच. फेर्ग-अस्त-काई.’’

म्हणजे ‘बोट, पूर्व, धक्का’. पूर्वेला तिकडे ‘अस्त’ म्हणतात; मराठी कानाला उलटं वाटेल, पण त्यांचा सूर्य अस्तालाच उगवतो.

‘‘बुधवारी इथे कोणी चीज विकत होतं?’’

ऊद्रुनने तिच्याकडे निरखून पाहिलं. ‘‘तू जेवलीस का आज? नोव्हेंबरात इथे मासळी विकायला कोणी उभं राहत नाही. चीज कोण विकणार?’’

*

सिन्नव रदलांड टेकडीवरच्या लहान घरात राहायची. चाळिशीतली बाई. तीन वर्षं ती कचेरीच्या वेबसाइटवरच्या चित्रांची वर्णनं लिहीत होती. शाळेचं मैदान, बर्फ काढणारी गाडी, महापौरांचं असंख्य लोकांशी हात मिळवणं. स्वयंपाकघरात तिने कॉफी ओतली. कप भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

‘‘नकाशाचं वर्णन तुम्ही लिहिलंत?’’

‘‘हो.’’

‘‘कधी?’’

‘‘सोमवारी.’’ उत्तर फार लवकर आलं.

‘‘मला त्यातलं काही कळत नाही. कसं लिहिता, सांगा ना. समजा, आपलं चर्च.’’

आता मात्र ती सैल झाली. आपल्या कामाबद्दल कोणी विचारलं की थकलेला माणूसही जरा ताठ बसतो. ‘‘फोनवर कोणाला तरी सांगतोय असं लिहायचं. पांढरं लाकडी चर्च, दार समुद्राकडे, पायऱ्या तीन. जे त्याला लागेल ते आधी. चित्र, फोटो असं सुरुवातीला कधीच नाही लिहायचं.’’

‘‘का?’’

‘‘आवाज स्वतःच आधी ‘चित्र’ म्हणतो. आपण पुन्हा म्हटलं की ते तोतरं वाटतं. पहिल्याच दिवशी शिकवतात हे.’’

बोर्गहिल्डने कॉफीचा घोट घेतला. कडू होती. चांगली होती.

‘‘आणि ‘वडील डोंगरावर’?’’

सिन्नव हसली, अगदी मनापासून. मग एकदम थांबली. ‘‘कुठे आहे हे?’’

‘‘मेंढ्यांच्या फोटोवर.’’

‘‘ते माझं नाही.’’

‘‘मग कोणाचं? वर्णनं तर तुम्हीच लिहिता.’’

‘‘केतिलला विचारा.’’

‘‘विचारेन. हे पान तुम्ही बुधवारनंतर ऐकलंत का?’’

‘‘नाही. मला ऐकवत नाही.’’ ती सांडलेली कॉफी पुसायला लागली, कोरड्या जागेवरच पुन्हा पुन्हा. ‘‘मागच्या आठवड्यात त्यांनी मला काढलं होतं. आता गरज नाही म्हणाले. काल परत बोलावलं.’’

‘‘का?’’

फडकं टेबलावर फिरत राहिलं. 

*

केतिल ऑमोट कचेरीचा प्रसिद्धीप्रमुख होता. महागाचा लोकरी स्वेटर, पायात घरातल्यासारख्या सपाता. त्याच्या खोलीच्या मोठ्या खिडकीतून खालचं बंदर दिसत होतं. पश्चिमेचा धक्का, आणि त्यावरचं नवंकोरं कुंपण.

‘‘फार वाईट झालं,’’ तो म्हणाला. ‘‘पण आमच्या बाजूने सगळं चोख होतं. तुम्ही ऐकलंच असेल.’’

‘‘ऐकलं. सोमवारी पान चढवल्यावर त्याला कोणी हात लावला?’’

‘‘कोणीही नाही. तुमच्या तपासासाठी तसंच ठेवलंय. शब्दही हललेला नाही.’’

‘‘एकही नाही?’’

‘‘एकही नाही. लिहून देऊ?’’

‘‘नको. वर्णन सिन्नवने लिहिलं?’’

‘‘तिनेच. आमची सगळ्यात चांगली लेखिका.’’

‘‘मागच्या आठवड्यात काढलं होतं म्हणे.’’

‘‘छे. गैरसमज. कामाची फेररचना चालू होती.’’ त्याने सपातीतला पाय हलवला. ‘‘हे बघा, चित्रांची नावं आणि वर्णनं हा आता पोरखेळ नाही राहिलेला. कोणी फ्योर्डच्या सहली शोधल्या की आपलं गाव वर यायला हवं. चित्राला योग्य नाव, योग्य शब्द दिले की सर्चमध्ये वर येतं. वर्षभरात आपण शेजारच्या गावाच्या पुढे गेलो.’’

‘‘मग कोणी ‘वडील डोंगरावर’ शोधलं तर आपणच पहिले येत असू.’’

त्याचा पाय थांबला. ‘‘काय?’’

‘‘मेंढ्यांचा फोटो. कधी चढवला?’’

‘‘मंगळवारी. टाइप करताना काहीतरी...’’ तो खोकला. ‘‘बघतो मी.’’

‘‘नका बघू,’’ बोर्गहिल्ड उठत म्हणाली. दोन्ही गुडघे वाजले. ‘‘तुम्हीच म्हणालात ना, तपासासाठी तसंच ठेवलंय.’’

जिन्यात तिने हाल्वारला फोन लावला. मेंढ्यांचं ते पान आत्ताच्या आत्ता जसंच्या तसं उतरवून ठेव, आवाजासकट.

*

एलिफच्या घरात उकडलेल्या मासळीचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. मॅग्नहिल्ड लहानखुरी होती, पाठीत वाकलेली. तिने दार उघडलं आणि नमस्कार-चमत्कार न करता आत वळली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप होता, तार भिंतीत खोचलेली. शेजारी दुमडून ठेवलेली कापडी पिशवी.

‘‘दुसरी पिशवी घेऊन गेला,’’ मॅग्नहिल्ड म्हणाली. ‘‘मोठी. चीजसाठी.’’

‘‘याला कोणी हात लावलाय?’’

‘‘मी धूळसुद्धा पुसली नाही.’’

पडद्यावर बुधवारचं पान तसंच उघडं होतं. त्या सकाळी आलं तसं. बोर्गहिल्डने आधी भिंतीवरच्या इंटरनेटच्या खोक्याची तार काढली, म्हणजे पान चुकूनही नवीन होऊन येणार नाही. मग तिने विचारलं, ‘‘तो काय दाबायचा?’’

मॅग्नहिल्डने वाकड्या बोटाने खालचा बाण दाखवला.

बोर्गहिल्डने तो दाबला. आवाज काही शब्द बोलला आणि थांबला.

ती हळूच खुर्चीत बसली. एलिफच्या खुर्चीत.  मॅग्नहिल्डला जे माहीत होतं तेच आता दुसऱ्या कोणाला तरी कळलं होतं, एवढंच.

‘‘मॅग्नहिल्डबाई, कोट घाला. हा लॅपटॉप घेऊन आपल्याला कचेरीत जायचंय.’’

*

बैठकीची खोली उबदार होती. टेबलावर वॅफल आणि मुरंबा ठेवला होता, जणू कोणाचा वाढदिवस आहे. कचेरीचे मुख्याधिकारी मधल्या खुर्चीत बसले होते. उंच, नीटस, हलक्या आवाजात बोलणारे. ज्यांना आवाज चढवायची वेळ कधी येत नाही तसे. त्यांच्या उजवीकडे केतिल. कोपऱ्यात सिन्नव. दाराशी ऊद्रुन, ओला कोट न काढता. मॅग्नहिल्डने वॅफलची ताटली बाजूला सरकवली आणि तिथे लॅपटॉप ठेवला.

‘‘अहवालावर सही करायला इतकी माणसं लागतात का?’’ मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

‘‘मी सही करायला आलेली नाही,’’ बोर्गहिल्ड म्हणाली. ‘‘मी तुम्हाला तीन गोष्टी सांगणार आहे. पहिली कुंपणाची. तुमच्या वर्णनात लिहिलंय, पश्चिमेच्या धक्क्यावर लोखंडी कुंपण घातलं आहे. ऊद्रुन, कुंपण कधी घातलं?’’

‘‘तो मेल्यावर. संध्याकाळी.’’

‘‘केतिल म्हणतात, सोमवारनंतर शब्दही हललेला नाही. मग सोमवारी लिहिणाऱ्याला बुधवारी संध्याकाळी ठोकलेलं कुंपण कसं दिसलं?’’



‘‘नकाशात असेल,’’ केतिल म्हणाला.

‘‘माझ्या नकाशात नाही,’’ ऊद्रुन म्हणाली. ‘‘जे नव्हतं ते मी कसं काढणार? कुंपण दिलं होतंत का तुम्ही?’’

‘‘तुमच्या खिडकीतून मात्र ते छान दिसतं,’’ बोर्गहिल्ड केतिलला म्हणाली. ‘‘दुसरी गोष्ट. ते वर्णन सुरू होतं ‘चित्रात नकाशा दिसतो’ असं. सिन्नव, तुम्ही असं लिहिता?’’

सिन्नवने मान वर केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ‘‘त्यात ‘चित्रात’ लिहिलंय?’’

‘‘लिहिलंय.’’

‘‘नाही,’’ ती अगदी हळू म्हणाली. ‘‘मी लिहिलेलं नाही ते. मी काहीच लिहिलं नाही. सोमवारी मी कामावरच नव्हते. काल केतिल घरी आला. म्हणाला, वर्णन बरोबर आहे, फक्त तू लिहिलंस असं म्हण, काम परत देतो. मला वाटलं... बरोबर लिहिलेलंच आहे, तर कोणाचं नाव लागलं त्याने काय बिघडतं.’’

मॅग्नहिल्डने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच सिन्नवला ती सहन झाली नाही.

‘‘बिघडतं एवढंच,’’ बोर्गहिल्ड म्हणाली, ‘‘की ते बरोबर वर्णन एलिफने कधी ऐकलंच नाही. ते तो मेल्यावर लिहिलं गेलं. सगळे म्हणत होते, इतकं स्वच्छ सांगूनही म्हातारा तिकडे गेलाच कसा. मलाही तेच कोडं होतं. तो गेला, कारण त्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं. आता तिसरी गोष्ट. त्याने काय ऐकलं ते. मॅग्नहिल्डबाई, दाबा.’’

मॅग्नहिल्डने वाकड्या बोटाने बाण दाबला.

‘‘चित्र,’’ सपाट आवाज म्हणाला. ‘‘फेर्ग. उस्त. काई.’’



‘‘बोट, चीज, धक्का,’’ बोर्गहिल्ड म्हणाली. ‘‘ऊद्रुनने फाइलला नाव दिलं होतं फेर्ग-अस्त-काई. अस्त म्हणजे पूर्व. आपल्याकडे त्यातलं पहिलं अक्षर लिहिताना ‘ओ’वर एक तिरपी रेघ मारतात. ती रेघ काढली की राहतं उस्त. चीज. सिन्नवला काढून तुम्ही एक यंत्र लावलंत. ते फाइलींच्या नावांतल्या रेघा आणि गोल खरवडून टाकतं, कारण सर्चला ते आवडत नाहीत. आणि उरलेलं तसंच वर्णनाच्या रकान्यात भरतं. मेंढ्यांना आपण ‘फोर’ म्हणतो, वर गोल असलेला ‘अ’. गोल गळला की ‘फार’. वडील. म्हणून तुमच्या डोंगरावर वडील चरतायत. ते यंत्र लागल्यापासून दोनच नवी चित्रं चढली. एक नकाशा, एक मेंढ्या. एक तुम्ही घाईत झाकलंत, केतिल. दुसरं तुमच्या लक्षातच आलं नाही, कारण तुम्ही तुमची वेबसाइट फक्त बघता. ऐकत नाही.’’

केतिलने स्वेटरची बाही ओढली, पुन्हा सोडली.

‘‘बुधवारी एलिफने पान लावलं. त्याला ऐकू आलं, बोट, चीज, धक्का. त्याला वाटलं, बोटीच्या धक्क्यावर चीजचा बाजार लागलाय. असं कोणालाही वाटेल. हसला असेल. बहिणीला फोन केला. मोठी पिशवी घेतली आणि रोजच्या वाटेने, रोजच्या धक्क्यावर गेला. फीत कमरेला होती, काठी खालून गेली.’’

‘‘मी त्याला मारलेलं नाही,’’ केतिल म्हणाला. आवाज फाटला होता. ‘‘त्याला पाण्यातून काढलं असं कळलं तेव्हा मी पान लावून ऐकलं. पहिल्यांदाच ऐकलं. चीज. मला... लोक हसले असते. माणूस मेलाय आणि लोक हसले असते. खिडकीतून कुंपण ठोकताना दिसत होतं. जे दिसलं ते लिहिलं.’’

‘‘सोमवारी लिहिलं असतंत तर तो आत्ता चीज कापत बसला असता. तुम्ही पुरावा बदललात आणि मेलेल्या माणसाला बेपर्वा ठरवलंत. खाली हाल्वार गाडी घेऊन उभा आहे. चला त्याच्याबरोबर.’’

केतिल उठला. दाराशी तो मुख्याधिकाऱ्यांकडे वळला, काहीतरी ऐकायची वाट बघत. ते वॅफलकडे बघत होते. तो गेला. जिन्यात सपातांचा आवाज विरत गेला.

‘‘अत्यंत दुर्दैवी,’’ मुख्याधिकारी म्हणाले. ‘‘एका व्यक्तीच्या चुकीमुळे—’’

‘‘यंत्र त्याने स्वतःच्या खिशातून आणलं का?’’

‘‘प्रस्ताव त्याचा होता.’’

‘‘मंजूर कोणी केला?’’

‘‘मंजुरीची एक पद्धत असते. कायदा म्हणतो, प्रत्येक चित्रामागे वर्णन हवं. रकाना रिकामा नव्हता. तपासणीत आम्हाला पूर्ण गुण होते.’’

‘‘रकाना रिकामा नव्हता,’’ मॅग्नहिल्ड म्हणाली. या खोलीत ती पहिल्यांदाच बोलली होती आणि सगळे तिच्याकडे वळले. ‘‘खरंय. त्यात चीज होतं.’’

बोर्गहिल्डने कोऱ्या सहीचा अहवाल खिशातून काढला, मधोमध फाडला आणि दोन्ही तुकडे वॅफलच्या ताटलीत ठेवले. मग तिने खुर्ची ओढली आणि मुख्याधिकाऱ्यांसमोर बसली. गुडघ्यांना बरं वाटलं. आज घरी जायची घाई उरली नव्हती.

‘‘ऊद्रुनने कुंपण मागितलं, तेव्हा वेबसाइटवर टाकलंय ना, असं तिला कोण म्हणालं?’’

‘‘कचेरीचं तसं धोरण—’’

‘‘कचेरीला तोंड नसतं, साहेब. माणसाला असतं. आणि वर्णन लिहिणारी बाई काढून तिथे सर्चचं यंत्र लावा, यावर सही कोणाची आहे?’’

ते खिडकीकडे बघत राहिले. खाली पश्चिमेच्या धक्क्यावर ते खांद्याएवढं, भक्कम कुंपण ओलं होऊन चमकत होतं.

मॅग्नहिल्डने पुन्हा बाण दाबला. आवाज पुन्हा म्हणाला: चित्र. फेर्ग. उस्त. काई. तिने पुन्हा दाबला. पुन्हा.

‘‘कृपा करून ते बंद करा,’’ मुख्याधिकारी म्हणाले.

‘‘करते,’’ मॅग्नहिल्ड म्हणाली. बोट बाणावरच होतं. ‘‘तुम्ही नाव सांगितलंत की लगेच करते. ते शब्द तुम्ही कोणासाठी भरत होतात? आणि भरा म्हणून सांगितलं कोणी? सांगा.’’